दोन इंटरनेट कनेक्शन एकत्र केली तर वेग आणि भरवसा दोन्ही मिळतात का? (नाशिक)

पाथर्डीकर
नमस्कार मंडळी. आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. घरात दोन कनेक्शन आहेत. एक मोठ्या कंपनीचं फायबर, १५० एमबीपीएस. दुसरं गल्लीतल्या केबलवाल्याचं, तेही फायबरच, १०० एमबीपीएस. दुसरं मुद्दाम घेतलं, कारण बायको रेडिओलॉजिस्ट आहे आणि रात्रपाळीला घरून सीटी स्कॅन वाचते. मालेगाव, धुळे, नंदुरबारकडच्या छोट्या हॉस्पिटलांतून स्कॅन येतात. अपघाताचा किंवा पक्षाघाताचा पेशंट असला की तिकडचे डॉक्टर तिच्या रिपोर्टसाठी खोळंबलेले असतात. मी दिवसा घरूनच काम करतो, ऑफिसचं व्हीपीएन लावून मीटिंगा चालू असतात. मुलगा अकरावीत आहे, त्याचे क्लासचे व्हिडिओ वेगळे.

सध्या दोन राउटर, दोन वायफाय. एक बंद पडलं की ज्याने त्याने आपापला फोन-लॅपटॉप दुसऱ्यावर न्यायचा. स्कॅन निम्मा उतरला असताना असं झालं की जीव वरखाली होतो.

दोन्ही जोडून २५०चा वेग मिळेल का? आणि एक गेलं की घरातलं सगळं आपोआप दुसऱ्यावर जावं यासाठी काय करावं? ज्यांनी स्वतः करून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा.

एक_वळण_पुढे
२५० मिळणार की. माझ्याकडे ड्युअल वॅन राउटर आहे (बाहेरच्या दोन लायनी लागतात असा), दोन्ही लायनी त्याला लावल्यात, स्पीड टेस्टमध्ये सरळ बेरीज दिसते. बिनधास्त करा.

टिकटिक
@एक_वळण_पुढे, बेरीज दिसते, पण ती स्पीड टेस्टपुरती. स्पीड टेस्ट एकाच वेळी सर्व्हरशी अनेक जोडण्या उघडते. राउटर त्यातल्या काही या लायनीवर टाकतो, काही त्या लायनीवर, म्हणून आकडा फुगतो. टॉरेंटला, डाउनलोड मॅनेजरला, किंवा घरात चौघं चार कामं करत असताना हा फायदा खराच होतो. पण एक फाइल एकाच जोडणीतून येत असेल तर ती एकाच लायनीने येणार आणि तिला त्या लायनीचाच वेग मिळणार. नाशिकहून मुंबईला कसारा घाटाने जाता येतं आणि समृद्धीनेही. दोन रस्ते आहेत म्हणून एक गाडी दुप्पट वेगाने पोचत नाही; दोन गाड्या मात्र एकमेकींना अडवत नाहीत. याला लोड बॅलन्सिंग म्हणतात.

खरी बेरीज हवी असेल तर बाँडिंग लागतं. त्यात एकाच फाइलची पॅकेटं (छोटे तुकडे) दोन्ही लायनींवर वाटली जातात आणि पलीकडे कुणीतरी ती पुन्हा क्रमाने लावतं. हे 'पलीकडे कुणीतरी' महत्त्वाचं. तुमच्या दोन कंपन्या एकमेकींना ओळखत नाहीत, त्या हे करणार नाहीत. म्हणजे डेटा सेंटरमध्ये स्वतःचा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, नाहीतर स्पीडिफायसारखी पैसे भरून मिळणारी सेवा घ्यायची. घरात नुसता राउटर आणून बाँडिंग होत नाही, दुकानदार काहीही सांगो.

नवशिक्या
एक साधा प्रश्न. लॅपटॉपला एका कंपनीची लॅनची तार लावली आणि दुसऱ्या कंपनीचं वायफायही चालू ठेवलं, तर?

टिकटिक
विंडोज त्यातला एकच मार्ग वापरतं. ज्याचा मेट्रिक (विंडोजने मार्गाला दिलेला पसंतीचा आकडा) कमी, तो. बहुतेक वेळा तार जिंकते आणि वायफाय नुसतं बसून राहतं.

एक_वळण_पुढे
टॉरेंट आणि गेमचे मोठे डाउनलोड एवढंच मी पाहतो, तिथे बेरीज मिळते म्हणून तसं लिहिलं. पण पाथर्डीकरांना स्कॅनची फाइल उतरवायची आहे. ती एका जोडणीने येते का अनेक?

रात्रपाळी
याचं उत्तर मी देतो. हॉस्पिटलांच्या स्कॅन साठवण्याच्या सिस्टिमवर काम करतो.

सीटीची एक स्लाइस, म्हणजे शरीराच्या एका कापाचं चित्र, सहसा ५१२ बाय ५१२ ठिपक्यांची असते आणि प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. म्हणजे एक स्लाइस अर्ध्या एमबीची. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा अँजिओ हजार स्लाइसचा धरला तर ५०० एमबी झाले. एमबीपीएसमध्ये बिट मोजतात आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे अख्खा स्कॅन ४० सेकंदांत उतरतो. १५०वर सत्तावीस सेकंद. बाँडिंग करून २५० मिळालेच तर सोळा. कॉम्प्रेशन असेल तर वेळ आणखी कमी. साधा मेंदूचा सीटी तर याहून कितीतरी लहान असतो.

बहुतेक सिस्टिममध्ये स्लाइस एकामागून एक एकाच जोडणीतून येतात, त्यामुळे लोड बॅलन्सिंगने हे सेकंद कमी होणार नाहीत. आणि खरी अडचण बहुतेक वेळा पलीकडे असते. तालुक्याच्या हॉस्पिटलातून जेवढ्या वेगाने वर चढतं तेवढ्याच वेगाने तुमच्याकडे उतरणार. तिथे अपलोड २० एमबीपीएसचा असेल तर तुमच्याकडे २५० असोत की १०००, तो स्कॅन २००च सेकंद घेणार.

म्हणून पाथर्डीकर, वहिनींच्या कामाला वेग पुरेसा आहे. त्यांना लागते ती न तुटणारी लाइन. वेगाचा प्रश्न बाजूला ठेवा, दुसरा प्रश्न पहिला करा.

सायली_सिडको
रात्रपाळी यांना +१. माझा भाऊ मालेगावच्या एका छोट्या हॉस्पिटलात मेडिकल ऑफिसर आहे. रात्री पक्षाघाताचा पेशंट येतो तेव्हा मेंदूत रक्तस्राव आहे की गुठळी, हे सीटीवरूनच ठरतं आणि त्यावरच पुढचं इंजेक्शन द्यायचं की नाही हे ठरतं. गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं, आणि गावाकडून पेशंट आणेपर्यंत त्यातले निम्मे तास संपलेले असतात. तुमच्या घरातलं इंटरनेट ही त्या पेशंटची गरज आहे. नीट करा, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

तारवाले_काका
मी दूरसंचार खात्यातून निवृत्त. जिल्ह्यात तांब्याच्या तारा ओढल्या, नंतर फायबरही ओढलं. सगळे राउटरबद्दल बोलताहेत, म्हणून मी दुसरं विचारतो. पाथर्डीकर, तुमच्या दोन्ही तारा घरात कुठून येतात? गच्चीवर जा आणि दोन्ही तारा हाताने धरून मागे मागे जा. चपटी काळी केबल असते, तिच्या कडेने बारीक पोलादी तार जाते. बघा दोन्ही कुठल्या खांबावर जातात आणि तिथून पुढे कुठे.

गल्लीत दहा कंपन्यांच्या जाहिराती असतात, पण खांब एकच असतो. ट्रकने ती केबल ओढली, झाडाची फांदी पडली, जेसीबीने खोदलं, तर दोन्ही कनेक्शन एकाच क्षणी जातात. मग महागाचा राउटर दोन मेलेल्या लायनींमध्ये निवड करत बसतो. कधीकधी पुढेही दोघांची फायबर एकाच नळीतून, एकाच पुलावरून जाते. लहान केबलवाला तर अनेकदा वरची बँडविड्थ मोठ्या कंपनीकडूनच घेतो. ते विचारायला लाजू नका. "तुमची वरची लिंक कोणाची?" एवढंच विचारायचं. चांगला माणूस खरं सांगतो.

पंचवटी_एक्सप्रेस
काका, सध्या तर नाशिकमध्ये रस्ता दिसला की समजायचं खोदलेला आहे. २०२७च्या सिंहस्थाची तयारी. आमच्या भागात सकाळी जेसीबी आला की बिल्डिंगच्या ग्रुपवर पहिला मेसेज असतो, "डाउनलोड करायचं ते आत्ताच करून घ्या."

ओसरी
😀 आमच्याकडे जेसीबीवाल्या दादांना चहा देऊन केबल कुठे पुरली आहे ते दाखवलं. त्यांनी तिथे हाताने खोदलं. सगळ्यात स्वस्त उपाय.

तारवाले_काका
ओसरी, अगदी योग्य केलंत. माझ्या नोकरीत मी हेच सांगत आलो. खोदणाऱ्याला कुणी दाखवतच नाही, मग तो तरी काय करणार.

द्राक्षबाग
काकांचा मुद्दा मोबाइललाही लागू आहे. आमची बाग दिंडोरी तालुक्यात. हवामान केंद्र बसवलंय, पानांचा ओलावा, तापमान, पाऊस सगळं मोजतं आणि डाउनी या बुरशीच्या रोगाचा धोका आधी सांगतं. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या आसपास पाऊस आला की रात्रीतून फवारणीचा निर्णय घ्यावा लागतो, त्या वेळी नेट नसलं की नुसते ढगाकडे बघायचं. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमं टाकली. तरी दोन्ही एकदम जायची. नंतर कळलं, शिवारात टॉवर एकच, दोन्ही कंपन्यांचे अँटेना त्याच लोखंडावर. लाइट गेली, बॅटरी उतरली, की दोन्ही बंद. आता एक सिम असं घेतलंय ज्याचा टॉवर दुसऱ्या गावात आहे. सिग्नल थोडा कमी मिळतो, पण हवामानाचे आकडे बारीक असतात, त्यांना तेवढा पुरतो.

नवशिक्या
दादा, पानांचा ओलावा मोजतात म्हणजे? कशाला?

द्राक्षबाग
डाउनीची बुरशी पान ओलं राहिलं की पसरते. पान किती तास ओलं होतं आणि त्या वेळी तापमान किती होतं, यावरून अंदाज येतो. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन. इथे पाथर्डीकरांचं राहू द्या.

पाथर्डीकर
सर्वांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे आज सकाळी मुलाला घेऊन गच्चीवर गेलो. दोन्ही तारा गच्चीवरून समोरच्या एकाच खांबावर जातात, एकाच पट्टीने बांधलेल्या आहेत, आणि तिथून कोपऱ्यापर्यंत एकमेकींना गुंडाळूनच जातात. केबलवाल्यालाही फोन केला. तो म्हणाला, साहेब, वरची लिंक त्याच कंपनीची आहे. त्याने सरळ सांगितलं, त्याचं कौतुक वाटलं.

म्हणजे आता दुसरी लाइन बदलायची. काय घ्यावं?

टिकटिक
५जी एअरफायबर प्रकारातलं कनेक्शन. ते खांबावरून येत नाही, टॉवरकडून हवेतून येतं. मुख्य फायबर ज्या कंपनीचं त्या कंपनीचं घेऊ नका, दुसरीचं घ्या, म्हणजे वरचं नेटवर्कही वेगळं राहील. टॉवर तुमच्या गच्चीवरून समोर दिसत असेल तर उत्तम.

पंचवटी_एक्सप्रेस
आमच्यासारख्यांनी जरा सावध. रामकुंडाच्या आसपास राहणाऱ्यांनी सिंहस्थाच्या पर्वणीला हवेतल्या कनेक्शनवर भरवसा ठेवू नये. टॉवर सगळ्यांचा सामायिक असतो, लाखो भाविकांचे फोन त्याच टॉवरला लागणार. त्या काळासाठी आम्ही उलट फायबर पक्कं करतोय. पाथर्डी फाट्याला तेवढी गर्दी नसेल.

सायली_सिडको
गर्दी पंचवटीतच राहील असं कुठे आहे? वाहनतळ, बाहेरून येणारे रस्ते, सगळीकडे लोक असणार. पण फायबर मुख्य आणि हवेतलं राखीव असेल तर दोन्ही एकाच दिवशी बिघडण्याची शक्यता कमीच.

नवशिक्या
एवढा खटाटोप कशाला? मोबाइलचा हॉटस्पॉट आहे ना. नेट गेलं की हॉटस्पॉट चालू करायचा.

रात्रपाळी
दिवसा, एका माणसाला, चालतं. पण रात्री पावणेतीनला स्कॅन उतरत असताना लाइन गेली, तर स्क्रीनवर लगेच काही दिसत नाही. उतरण्याची पट्टी नुसती थांबते. ती हळू चालली आहे की मेली, हे कळेपर्यंत मिनिटं जातात. मग फोन शोधा, हॉटस्पॉट लावा, सिस्टिममध्ये पुन्हा लॉगिन करा. यंत्राला जे पंधरा सेकंदांत करता येतं ते माणसावर टाकू नये, तेही झोपेच्या वेळी.

टिकटिक
आता एका लायनीवरून दुसरीवर बदली कशी होते त्याबद्दल, कारण तिथेच बहुतेकांचं फसतं.

बहुतेक राउटर 'वॅनच्या तारेत जीव आहे का' एवढंच बघतात. पण बाहेर फायबर तुटलं तरी तुमच्या घरातल्या ओएनटीपासून (बाहेरचं फायबर जिथे येऊन लागतं तो डबा) राउटरपर्यंतची तार जिवंतच असते! ओएनटीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा लागलेला असतो आणि राउटरच्या लेखी सगळं आलबेल असतं. म्हणून तपासणी बाहेरच्या पत्त्यांवर लावायची, म्हणजे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सर्व्हरला दर काही सेकंदांनी पिंग ('आहेस का?' अशी हाक). तेही एकाला नाही, दोघांना, म्हणजे त्यातला एक सर्व्हर रुसला म्हणून लाइन बदलणार नाही. टीपी-लिंकच्या ईआर६०५मध्ये हे ऑनलाइन डिटेक्शन नावाने मिळतं, मिक्रोटिकच्या हेक्समध्ये रिकर्सिव्ह राउटिंग किंवा नेटवॉचने करता येतं, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरवर एमवॅन३ आहे. एमवॅन३मध्ये किती पॅकेट हरवली आणि किती उशीर झाला यावरही लाइन बाद ठरवता येते. माझ्या मते हे फार उपयोगी आहे, कारण लाइन पूर्ण मरण्यापेक्षा अर्धमेली होण्याचे दिवस जास्त असतात.

आणखी एक. मुख्य लाइन परत आली की लगेच तिच्यावर उडी मारू देऊ नका. दुरुस्तीवाला जोड देत असताना लाइन येते-जाते, येते-जाते. पाच मिनिटं सलग नीट चालली तरच परत जायचं असं लावा. नाहीतर वहिनींचा स्कॅन दर मिनिटाला तुटेल.

ओसरी
बदली झाली की चालू असलेलं काम तुटतंच ना? की आपोआप पुढे चालतं?

टिकटिक
तुटतं. लाइन बदलली की बाहेरून दिसणारा तुमचा आयपी पत्ता बदलतो आणि जुनी टीसीपी जोडणी त्या पत्त्याला बांधलेली असते. यूट्यूबसारख्या ठिकाणी बफर असतो, म्हणजे पुढचा भाग आधीच उतरलेला असतो, कळतही नाही. व्हिडिओ कॉल काही सेकंद गोठतो आणि परत येतो. ऑफिसचं व्हीपीएन पुन्हा जुळवावं लागतं. स्कॅनची सिस्टिम चांगली असेल तर राहिलेल्या स्लाइस पुन्हा मागवते.

अजिबात तुटू नये असं हवं असेल तर बाँडिंगकडे यावं लागतं. तिथे बाहेरच्या जगाला तुमच्या सर्व्हरचाच पत्ता दिसतो, मागे लाइन कोणतीही असो. बाँडिंगचा मला वाटणारा खरा फायदा हा आहे, वेगाचा नाही.

एक_वळण_पुढे
मग बाँडिंगच करा की सरळ. मुंबईत सर्व्हर घेतला तर उशीरही फार वाढणार नाही.

टिकटिक
उशीर हा अडथळा नाही, खरं आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद लागतात, नाशिक-मुंबई पावणेदोनशे किलोमीटर धरले तर एका दिशेने मिलिसेकंदही होत नाही. प्रत्यक्षात वळणं आणि उपकरणं यामुळे थोडे जास्त, पण चालण्यासारखे.

अडचण वेगळी आहे. दोन लायनी एकसारख्या नसतात. फायबर पाच मिलिसेकंदांत उत्तर देतं, ५जी कधी वीस, कधी साठ. एका फाइलची पॅकेटं दोन्हीकडून आली की उशिरा येणाऱ्यांसाठी लवकर आलेल्यांना थांबावं लागतं. ५जी डळमळलं की बाँड केलेली लाइन एकट्या फायबरपेक्षाही हळू चालताना मी पाहिली आहे. आणि तो मुंबईचा सर्व्हर बंद पडला तर दोन्ही लायनी ठणठणीत असून घर बंद. शिवाय डेटा सेंटरचा पत्ता दिसला की काही व्हिडिओ ॲप चालत नाहीत, मुलाची तक्रार पहिली येईल.

हौस आणि वेळ असेल तर ओपनएमपीटीसीपीराउटर हे बाँडिंगचं सॉफ्टवेअर जरूर करून पाहा. त्यातलं मल्टिपाथ टीसीपी, म्हणजे एकच जोडणी एकाहून जास्त मार्गांनी चालवणं, हे सुंदर काम आहे. ॲपलने २०१३मध्ये आयओएस ७ पासून सिरीसाठी ते वापरलं, म्हणजे वायफायच्या कक्षेबाहेर चालत गेलात तरी बोलणं मोबाइल डेटावर चालू राहावं. २०२०मध्ये ते लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये, ५.६ आवृत्तीत, आलं. पण बहुतेक वेबसाइटचे सर्व्हर अजून ते बोलत नाहीत, म्हणून मध्ये आपला सर्व्हर ठेवावा लागतो.

रात्रपाळी
हॉस्पिटलच्या बाजूने एक आग्रहाची विनंती. पेशंटचे स्कॅन स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवरून फिरवण्याआधी ज्या संस्थेसाठी वहिनी काम करतात त्यांच्या आयटीला विचारा. माहिती एन्क्रिप्टेड असली तरी त्यांचे नियम असतात, आणि काही ठिकाणी ठरावीक आयपी पत्त्यांनाच परवानगी असते. मी असतो तर साधी बदलीच लावली असती.

सायली_सिडको
लोड बॅलन्सिंग लावलं तर बँकेचं काय होतं तेही सांगा. आमच्याकडे दोन्ही लायनींवर वाटप चालू होतं, तेव्हा नेटबँकिंगमधून सारखं बाहेर फेकलं जायचं.

टिकटिक
ताई, बँकेला एकाच लॉगिनचे क्लिक दोन वेगळ्या पत्त्यांवरून आलेले दिसतात, ती घाबरते आणि बाहेर काढते. मिक्रोटिकमध्ये पीसीसी (जोडण्या लायनींवर वाटण्याची पद्धत) लावताना 'दोन्ही पत्ते' हा पर्याय घेतला तर तुमच्या मशीनवरून त्या साइटकडे जाणारं सगळं एकाच लायनीने जातं. पण पैसे भरताना बँक पुढच्या पेमेंट गेटवेच्या साइटकडे पाठवते आणि तिथे पुन्हा लाइन बदलू शकते. त्यामुळे सोपा मार्ग हा की बँकेची कामं ज्या लॅपटॉपवर होतात तो एका लायनीला बांधून टाकायचा. ती मेली तरच दुसरी. ऑफिसच्या लॅपटॉपलाही तेच.

तारवाले_काका
विजेबद्दल कुणीच बोललं नाही. लाइट गेली की तुमच्या दोन्ही लायनी घरातच मरतात. ओएनटी, राउटर आणि ५जीचा डबा यांना छोटे डीसी यूपीएस मिळतात. ॲडॅप्टरवर किती व्होल्ट, किती ॲम्पिअर लिहिलंय ते वाचून घ्या. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नाहीत. गच्चीवरच्या ५जीच्या डब्याला घरातूनच वीज जाते, त्याचा इंजेक्टरही (तारेतून वीज पाठवणारा छोटा डबा) यूपीएसवर आला पाहिजे, हे लोक विसरतात.

आणि केबलवाल्याला हेही विचारा की मध्ये कुठे विजेवर चालणारा स्विच आहे का. जीपॉन पद्धतीत एक्स्चेंजपासून घरापर्यंत वाटेत वीज लागत नाही, नुसते काचेचे स्प्लिटर असतात. पण काही जण बिल्डिंगच्या जिन्यात डबा लावतात, तो मीटरवरून चालतो. बिल्डिंगची लाइट गेली की तो गेला, मग तुमचा यूपीएस असून उपयोग नाही.

जाता जाता: दुरुस्तीवाला आला की ओएनटीवर प्रकाश किती येतोय ते मोजून घ्या. उणे २० ते उणे २५ डीबीएम असेल तर छान (डीबीएम म्हणजे प्रकाशाच्या ताकदीचं माप; उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). उणे २७ला पोचला असेल तर आज चालतंय पण पावसाळ्यात रडवेल. बऱ्याचदा टीव्हीमागे केबल काटकोनात दुमडलेली असते, ती मोकळी गोल सोडली तरी फरक पडतो.

द्राक्षबाग
काका, ही माहिती सोन्यासारखी आहे. कुणीतरी हे पहिल्या पानावर चिकटवा.

पाथर्डीकर
पुढची बातमी. केबलवाल्याचं कनेक्शन बंद केलं, त्याला नीट सांगून. दुसऱ्या कंपनीचं ५जी घेतलं, गच्चीच्या कोपऱ्यावरून टॉवर दिसतो. ईआर६०५ आणला. दोन्ही कंपन्यांचे राउटर आता नुसते बाहेरच्या लाइनचं काम करतात, त्यांचे वायफाय बंद केले आणि घरभर एकच वायफाय ठेवलं. तपासणी दोन बाहेरच्या पत्त्यांवर लावली. हिचं मशीन आणि माझा ऑफिसचा लॅपटॉप फायबरला बांधले, फायबर गेलं तरच ५जी. मुलाचे व्हिडिओ आणि टीव्ही उलट ५जीवर, ते गेलं तर फायबरवर. रात्रपाळी म्हणाले तसं हिच्या संस्थेच्या आयटीला विचारलं. त्यांनी बाँडिंग नको म्हटलं, साध्या बदलीला हरकत नाही, फक्त ५जी कंपनीचं नाव त्यांना कळवायला सांगितलं.

बायकोने पहिलं काय विचारलं असेल? "हे रात्री खरंच बदलेल कशावरून?" तर चाचणी कशी घ्यावी?

टिकटिक
वहिनींचा प्रश्न एकदम बरोबर. राउटरमागची लॅनची तार उपटून चाचणी घेऊ नका, त्याने फक्त सोपी बाजू तपासली जाते. ओएनटीची हिरव्या टोकाची फायबर हळूच काढा, म्हणजे लाल दिवा लागेल आणि तार जिवंत राहील, अगदी बाहेर केबल तुटल्यासारखं. टोकाला बोट लावू नका, आत डोकावूनही बघू नका, लगेच टोपी लावा. त्याच वेळी लॅपटॉपवर सतत पिंग चालू ठेवा आणि किती सेकंदांनी उत्तरं परत येतात ते बघा. वहिनींना त्या वेळी एखादा जुना स्कॅन उघडायला सांगा. मग फायबर परत लावा आणि पाच मिनिटं हात लावू नका.

रात्रपाळी
आणि ही चाचणी दर महिन्याला करा, दुपारी, वहिनींची पाळी नसताना. राखीव लाइनचं रिचार्ज संपलेलं रात्री कळतं.

सायली_सिडको
हे रिचार्जचं तर सगळ्यांनीच लिहून ठेवा.

पाथर्डीकर
झाली चाचणी. फायबर काढलं, चौदा सेकंदांनी पिंग परत सुरू झालं. हिचा जुना स्कॅन थांबला आणि मग राहिलेल्या स्लाइस आपोआप उतरल्या. हिने बसल्या जागेवरून उठायची गरज पडली नाही. एक अडचण मात्र आली. सुरुवातीला ५जीची लाइन राउटरवर चालूच होईना. दोन्ही कंपन्यांचे डबे १९२.१६८.१.१ याच पत्त्यावर बसले होते आणि राउटर म्हणे दोन्ही वॅन एकाच नेटवर्कात चालणार नाहीत. ५जीच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला, मग लागलं.

नवशिक्या
हे माझ्याकडेही होईल का? माझ्याकडे एक फायबर आणि एक डोंगल आहे.

टिकटिक
दोघांचे पत्ते आधी बघून घ्या. ओएनटीच्या मागे स्टिकर असतं, डोंगलचा पत्ता त्याच्या पानावर दिसतो. शेवटचा नाही, तिसरा आकडा वेगळा हवा. दोन्ही सारखे निघाले तर डोंगलचा बदला, फायबरचा नको, कारण कंपनीचा माणूस दुरुस्तीला आला की तो जुन्याच पत्त्यावर शोधतो. आणि डोंगल यूएसबीला लावणार असाल तर तुमचा राउटर तो ओळखतो का, हे विकत घेण्याआधी कंपनीच्या यादीत तपासा. मॉडेल इथे लिहा, मी बघून सांगतो.